मावशींच्या डोक्यातली तार

आख्ख्या मराठवाड्यात स्वतःच्या मेंदूचं एवढं कौतुक असलेलं माणूस शोधून सापडायचं नाही. ह्या माझ्या बायकोच्या करमाडच्या मावशी. जन्म मेंढरांमागं गेला, शाळेची पायरी कधी चढल्या नाहीत. पण डोक्यातल्या एका रक्तवाहिनीला फुगा आला आणि बाईंना जणू डॉक्टरकीच मिळाली. डोक्यात एकाएकी भयंकर कळ आली म्हणून आम्ही त्यांना शहरातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी समजावलं, "सायकलच्या ट्यूबला फुगा येतो ना, तशी नस फुगून थोडी गळलीय. मांडीतून बारीक नळी वर नेऊ आणि त्या फुग्यात तारेचं वेटोळं भरू, म्हणजे पुन्हा फुटायचा नाही." तशाही अवस्थेत मावशी म्हणाल्या, "डोस्क्यात जायाचं अन् मांडीतून शिरता? म्हंजी करमाडाहून शहरात यायला जालन्याचा फेरा!"

तार बसली, मावशी उठल्या आणि त्यानंतर त्यांनी कुणाला सुखानं पाणी पिऊ दिलं नाही. घरी सोडताना सिस्टरनं लकव्याच्या खुणा सांगितल्या होत्या. तोंड वाकडं होतं, हात लुळा पडतो, बोलणं अडखळतं. झालं! दारात कुणीही आलं की तांब्याच्या आधी हुकूम : "हसा. हात वर करा. नाव सांगा." मतं मागायला आलेला उमेदवार त्यांच्या अंगणात दोन्ही हात वर करून हसत उभा असलेला मी स्वतः पाहिलाय. शहरातल्या औरंगपुऱ्यात माझ्या मेहुणीचा साखरपुडा होता, तिथं तर त्यांनी नवरदेवाच्या वडिलांनाच धरलं. ते गृहस्थ काही केल्या हसेनात. मावशींनी त्यांचा चेहरा अगदी जवळून निरखला आणि मोठ्यांदा निकाल दिला, "लकवा नाय. सोभाव हाय!" आता सोयरीक मोडते म्हणून माझी सासू मावशींना मागं ओढायला धावली, तोच व्याही फसकन हसले. "दोन्हीकडून सारखं हसलं," मावशी म्हणाल्या. "द्या पोरगी."

काका, म्हणजे मावशींचे यजमान, या सगळ्याला वैतागले होते. एका सकाळी त्यांच्या उजव्या हातातून चहाची कपबशी निसटली. "आवं, हसा बरं," मावशी म्हणाल्या. काकांचं अर्धंच तोंड हसलं. शेजारीण म्हणाली, तेल चोळा. कुणी म्हणालं, अंगारा लावा. मावशींनी एकालाही जवळ येऊ दिलं नाही. भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, मेंढरांना खूण करायचा रंग घेतला, काकांच्या मनगटावर गोल काढून त्यात दोन काटे ओढले आणि शेजाऱ्याच्या टेम्पोत त्यांना घालून थेट दवाखाना गाठला. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून?" मावशींनी ते मनगट पुढं केलं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन वेळेत देता आलं, ते त्या दोन काट्यांमुळं.

काका आता चालतात, मेंढरांमागं थोडं फिरूनही येतात. शब्द मात्र त्यांना लवकर सापडत नाहीत. परवा मी गेलो तेव्हा माझ्याकडं बघून त्यांनी सुरू केलं, "पा... पा..." मी पटकन म्हणणार होतो, "पाणी?" मावशींनी माझ्या गुडघ्यावर हात दाबला.

"दम धरा, जावई. त्यांचं त्यांना म्हणू द्या."

आम्ही थांबलो. बराच वेळ गेला. मावशींचे ओठ त्यांच्याबरोबर नुसते हलत होते, आवाज न करता.

"पाव्हणं," काका म्हणाले, "जेवून... जा."

मावशींनी पदर डोळ्यांना लावला आणि त्या चुलीकडं वळल्या.