घागरेवाल्या मर्दांची कादंबरी

स्कॉटलंड नावाचा देश महाडपासून किती लांब आहे हे मॅट्रिक होऊनही मला धड सांगता आलं नसतं. पण तिथल्या जत्रेत काय काय चालतं ते मी डोळे मिटून सांगितलं असतं. ही साठ सालच्या आसपासची गोष्ट. शेजारच्या घरातला कर्ता पुरुष विलायती बोटीवर खलाशी होता. आम्ही त्याला भाई म्हणायचो, त्याच्या बायकोला भाभी आणि त्याच्या आईला खाला. आमचं घर हिंदू, त्यांचं मुसलमान आणि मधे कमरेएवढा दगडी गडगा. त्या गडग्यावरून कालवणाच्या वाट्या आणि गावभरच्या बातम्या दिवसभर ये-जा करत.

भाईची बोट ग्लासगो नावाच्या बंदरात दुरुस्तीला लागली होती. सुट्टी मिळाली म्हणून तो दोघा सोबत्यांना घेऊन आगगाडीत बसला आणि डोंगरातल्या एका गावी उतरला, तर तिथे जत्रा. देव नाही, पालखी नाही, नवस नाही, तरी जत्रा! गुडघ्यापर्यंत चौकड्यांचे घागरे नेसलेले दांडगे बापये, काखेत कातड्याची फुगलेली पिशवी धरून तिच्यातून सूर काढणारे वाजंत्री, जमिनीवर तलवारींची फुली मांडून तिच्यावर चवड्यांनी नाचणाऱ्या पोरी. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे अख्खं झाडाचं खोड उभं उचलून, चार पावलं धावून, हवेत कोलांटी खाईल असं फेकणारे गडी. रजेवर आल्यावर भाईने हे सगळं आम्हाला अंगणात करून दाखवलं. खोडाच्या ऐवजी खालांचं मुसळ घेतलं. मुसळाने कोलांटी खाल्ली खरी, पण ते आमच्या पडवीवर येऊन पडलं आणि दोन कौलं फुटली.

"अरे मुडद्या," खाला म्हणाल्या, "फेकायचं मुसळ हाय का ते?"

भाई हसत सुटला.

त्याच फाल्गुनात भाई आमच्याबरोबर कापड्याला शिमग्याला आला. कापडे पोलादपूरच्या बाजूला. तिथे माझा मामा भातशेती करायचा. होळीचं झाड रानातून खांद्यावर आणायचं, आरोळ्या ठोकत गावात शिरायचं आणि उभं करायचं, हा तिथला रिवाज. भाईने न विचारता खांदा दिला. घाम पुसत तो मामाला म्हणाला, "मामा, हे असंच झाड ते लोक फेकतात."

"फेकतात? अन् जाळीत नाय?"

"नाय जाळीत."

"मंग मर्दा, तोडलं कशाला येवढं झाड?"

मग घागऱ्याची गोष्ट निघाली. मामा म्हणाला, "म्हंजे गोमूच की." आमच्याकडे शिमग्यात पुरुष बाईचा वेष घेऊन गोमू म्हणून नाचतो.

"गोमू नाय हो. तिकडल्या मर्दांची नेसायची रीतच तशी."

"आमच्या पण गोमूच्या आत मर्दच असतो," मामा म्हणाला, आणि स्कॉटलंडचा विषय कापड्यापुरता निकालात निघाला.

भाईला मात्र त्या जत्रेचं वेडच लागलं. पुढच्या खेपेलाही तो तिथे जाऊन आला आणि येताना माझ्यासाठी एक इंग्रजी कादंबरी घेऊन आला. जत्रेतच एक म्हातारी टेबलावर जुनी पुस्तकं मांडून बसली होती म्हणे. "आत काय हाय मला नाय समजत. वरचं चित्र बघून घेतलं. तू मॅट्रिक हायस, वाच आणि हिला पण सांग," असं भाभीकडे बघून म्हणाला. चित्रात तोच घागरेवाला मर्द होता. अंगात सदरा नाही, केस तांबडे, मागे किल्ला आणि हातांवर एक बाई आडवी. तिला काय झालं होतं कोण जाणे, पण चेहऱ्यावरून दुखतखुपत नसावं. आईने त्या पुस्तकाला आधी खाकी कागदाचं कव्हर घालायला लावलं आणि मगच घरात येऊ दिलं.

रजा संपून भाई बोटीवर गेला आणि आमचं वाचन सुरू झालं. दुपारची भांडी झाली की भाभी आणि खाला आमच्या पडवीत यायच्या. आई निवडणटिपण घेऊन बसायची, म्हणजे ती ऐकत नसायची असं तिचं म्हणणं. मी मांडीवर पुस्तक आणि शेजारी डिक्शनरी घेऊन बसायचे. डिक्शनरीला सगळे शब्द ठाऊक नव्हते आणि मला त्याहून कमी, पण अडून राहणं माझ्या स्वभावात नव्हतं. तिथल्या डोंगरांवर कसलीशी जांभळी फुलं होती, त्यांचा मी तेरडा केला. पावसाळा सरताना आंबेनळीचा घाट तेरड्याने भरतो तसं. ते लोक कसली तरी पेज प्यायचे, तिची नाचणीची आंबील झाली. दारूचा मी खालांच्या भीतीने काढा केला, त्यामुळे त्या कादंबरीतले सगळे पुरुष कायम आजारी असायचे. नायकाचा किल्ला म्हणजे रायगड, फक्त वर छप्पर शाबूत.

गोष्ट साधी होती. नायक समुद्रातल्या एका बेटावरचा. तो जत्रेत खोड फेकायला येतो. तिथे तलवारींवर नाचणारी एक मुलगी बघतो आणि घायाळ होतो. मलाही ती फार आवडली. ती फाडफाड बोलायची, घोड्यावर बसायची, बापाला उलट उत्तरं द्यायची. मला यातलं काहीच करता येत नव्हतं, म्हणून तर आवडली.

पण तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी घात केला. नायकाचं बेटावरच्या एका मुलीशी लग्न ठरलेलं असतं, असं एक वाक्य आलं. ती बिचारी सबंध पुस्तकात तीन पानांपुरती. मी ते वाक्य सोडूनही देऊ शकले असते, पण सांगून बसले, "त्याचा बेटावर साखरपुडा झालेला असतो."

आईचे हात सुपात थांबले. खाला म्हणाल्या, "मंगनी झाली हाय? अन् मंग या भवानीसंगं नाचतो कशाला?"

संपलं! आमच्याकडे साखरपुडा काय, मंगनी काय, एकदा झाली की मुलगी त्या घरची झाली. लग्न म्हणजे नंतरची जेवणं. त्या दिवसापासून माझ्या लाडक्या नायिकेचं नाव 'नाचरी' पडलं. ती घोड्यावरून पडली तेव्हा खाला म्हणाल्या, "बरी पडली." नायकाने तिला उचलून घेतलं, ते मुखपृष्ठावरचंच चित्र, तेव्हा आई म्हणाली, "त्या दुसरीच्या घरी कळवलं का कुणी?" मी चिडून म्हणाले, "अगं, नायिका ही आहे!" तर आई म्हणते, "असं पुस्तकात लिहिलंय होय?" दोघी रोज येऊन बसायच्या ते त्या बेटावरच्या पोरीसाठी. ती काय करते, तिला निरोप गेला का, तिचा बाप काय म्हणाला? कादंबरीकर्त्याला तिची पर्वा नव्हती, म्हणून मग मीच तिला लोकर विणायला बसवलं, एक म्हातारी आत्या दिली, आंबील रांधायला लावली. मूळ कथेपेक्षा तिचीच कथा लांबत चालली.

भाभी यावर कधी बोलायची नाही. गुडघ्यांना मिठी घालून नुसती ऐकायची.

भाईची पत्रंही मीच तिला वाचून दाखवायचे. बोटीवरचा कुणी सोबती त्याच्यासाठी मराठीत लिहून द्यायचा. महिन्या-दीड महिन्याला एक पत्र यायचं, आणि मग ती थांबली. एक महिना, दोन, चार. त्याच सुमाराला त्याच बोटीवरचा एक जण दासगावला घरी आला. तो भेटायला आला आणि खालांनी दिलेला चहा पिता पिता हसत म्हणाला, "तो खुशाल हाय, काळजी करू नका. त्याला त्या जत्रेच्या गावचा नाद लागलाय. तिथल्या एका घरी येणंजाणं असतं त्याचं. सुट्टी मिळाली की तिकडेच." त्याच्या बोलण्यात पाप नव्हतं. पण मी गडग्यापाशी उभी होते आणि भाभीचा चेहरा मला दिसत होता.

त्यानंतर भाभी कथेला सगळ्यांच्या आधी येऊन बसू लागली. चार दिवसांनी तिने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "तो शेवटी कुणाकडं जातो गो?"

"वाचू दे ना," मी म्हणाले.

खरं म्हणजे मी वाचलं होतं. मला दम कुठला निघायला! आदल्या आठवड्यातच शेवटपर्यंत जाऊन आले होते. नायक बेटावरच्या मुलीला चार ओळींचं पत्र लिहून मोकळं करतो आणि पुढच्या वर्षीच्या जत्रेत, वाजंत्र्यांच्या गजरात, नाचरीशी लग्न लावतो. वाचून मी सुखाने रडलेही होते. आता मला त्या नायकाचा इतका राग आला की सांगता सोय नाही. चार ओळी! भाभी मला दोन वेण्या घालून द्यायची, माझं परकरातलं वय तिच्या डोळ्यांदेखत सरलं होतं. तिला त्या चार ओळी वाचून दाखवायच्या?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुस्तक उघडलं आणि मनानेच रचून सांगायला सुरुवात केली. जत्रा भरली. नायकाने खोड उचललं, असं फेकलं की डोंगर दणाणला. नाचरी फुलांचा हार घेऊन पुढे आली. तो म्हणाला, "बाई, तू चांगली आहेस, पण माझी वाट बघणारं माणूस तिकडे आहे." लोक थांब थांब म्हणतात, वाजंत्री वाजायची थांबते, आणि तो तसाच घामेजलेला धक्क्यावर येतो आणि होडीत बसतो. बेटावर ती दारात उभीच. मी आंबीलसुद्धा चुलीवर ठेवली. खालांनी मांडीवर थाप मारली. "शाब्बास! मर्दासारखा मर्द!" आईने डोळ्याला पदर लावला आणि तिखट झोंबल्याचं सांगितलं. सुपात तांदूळ होते.

"झालं?" भाभीने विचारलं.

"झालं," म्हणून मी पुस्तक मिटलं.

ती उठून घरी गेली. संध्याकाळी खाला गडग्यावरून सांगत होत्या की आज सून पोटभर जेवली. मी मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. एवढी हुशार मुलगी सबंध तालुक्यात नसेल असं मला वाटत होतं.

दोन महिन्यांनी भाई एस.टी.तून उतरला. पत्र नाही, तार नाही. खांद्यावर पेटी आणि गळ्यात चौकड्यांचं लोकरीचं उपरणं. थोडा वाळला होता, गप्पही झाला होता. जत्रेचं कुणी विचारलं तर म्हणायचा, "ती आपली असते तशी." तो पुन्हा बोटीवर गेला नाही. बाजारात त्याने दोरखंडाचं दुकान टाकलं. इतके महिने पत्र का आलं नाही आणि ते घर कुणाचं, हे मला माहीत नाही.

पुढच्या वर्षी माझं लग्न पोलादपूरला ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी भाभी माझ्या ट्रंकेत लुगडी भरायला आली होती. तळाशी ती कादंबरी दिसली आणि मला राहवलं नाही. म्हटलं, आता कबूल करून टाकावं. ती हसेल, माझं कौतुक करेल.

"भाभी, त्या गोष्टीचा शेवट मी खोटा सांगितला होता."

"ठावं हाय मला."

"कसं?"

"तू पुस्तक मिटलंस तवा बोटभर पानं वाचायची बाकी होती. अन् त्या दिवशी तू सारखी माझ्याकडं बघून सांगत होतीस. वाचताना तू कुणाकडं बघत नायस."

माझी हुशारी गेली खड्ड्यात. मला भयंकर लाज वाटली. "मग बोलली का नाहीस तू?"

तिने पुस्तक दोन लुगड्यांच्या मधे नीट ठेवलं, वरून हात फिरवला.

"काय बोलू गो? तो आला तवा त्याला पन काय विचारलं नाय. तू गोष्टीत जसा घरी आणून दिलास तसा घेतला."