मंद्रूपच्या ज्वारीत उतरलेली पेटी

बाळांनो, सत्तरच्या दशकात विश्वकिरण मोजायला शास्त्रज्ञ प्रचंड फुग्यांना यंत्रं बांधून आकाशात सोडत. तसली एक पेटी मंद्रूपला आमच्या ज्वारीत उतरली. फुग्याचं प्लास्टिक सासऱ्यांनी तत्परतेनं कडब्याच्या गंजीवर घातलं. पेटीवरची इंग्रजी सूचना मी वाचून सांगितली: उघडू नये, उजेडानं आतली फिल्म वाया जाईल.

"उघडू नका म्हंत्यात, म्हंजी आत कायतरी हाय की," म्हणत सासूबाईंनी विळा आणला.

मग तीन दिवस मी पेटीवर बसूनच भाजी निवडली. बी.ए.चा हा उपयोग कॉलेजात कोणी सांगितला नव्हता.

मराठी न येणारे शास्त्रज्ञ आले. पेटी शाबूत पाहून त्यांनी इंग्रजीत सासऱ्यांचे आभार मानले.

"काय म्हंत्यात, सूनबाई?"

"सुनेमुळे पेटी वाचली म्हणतात," मी भाषांतर केलं.