मुहूर्ताचे खांब

शेजारच्या अण्णांच्या नव्या गोठ्यासाठी खांबांचे खड्डे गुडघ्याएवढेच खणले होते.

"अण्णा, अजून काळी मातीच आहे. मुरूम लागेपर्यंत खणू द्या," गवंडी म्हणाला.

"अरे, मुहूर्त अकराचा आहे. पाहुणे काय खड्डे बघायला येणारेत?"

अकराला खांब उभे राहिले, त्यांना हार पडले. मग चारी बाजूंनी निळे पत्रे ठोकले. जमिनीखालच्या कामाचं उद्घाटन होत नाही, म्हणून बहुधा ते कुणी मनापासून करतही नाही.

आज पश्चिमेकडून वारा सुटला आणि पत्रे थरथरू लागले.

"नवे आहेत, वाजणारच," अण्णा हसले.

मी खांबाला हात टेकवला. तो हळूच हलला. त्यालाच अण्णांची गाभण म्हैस बांधलेली होती, आणि ती दावं ताणून दाराकडे सरकत होती.