खुर्द भिंग, बुद्रुक भिंग

मुलांनो, निजामाच्या राज्यात सरकारी कारभार उर्दूत चाले, म्हणून केजच्या दवाखान्यात डॉक्टर असलेले माझे वडील सूक्ष्मदर्शकाला खुर्दबीन म्हणत. आमच्याकडे एकाच नावाची दोन गावं असली तर लहान ते खुर्द, मोठं ते बुद्रुक. यंत्र घरी आलं त्याच दिवशी आत्याने विचारलं, "ही खुर्दबीन, मंग बुद्रुकबीन कुठं हाय?" तेव्हापासून यंत्रावरच्या लहान भिंगाला घरात सगळे खुर्द म्हणू लागले आणि मोठ्याला बुद्रुक.

बारवेच्या पायऱ्यांवरचा तपकिरी, बुळबुळीत थर वडिलांनी काचेवर घेऊन निखाऱ्यावर भाजला. त्यात डायटम होते, म्हणजे काचेसारखं कवच असलेले पाण्यातले सूक्ष्म जीव. भाजल्यावर नुसती कवचं उरली. मी खुर्दातून पाहिलं तर काही निळी, काही पिवळी!

त्याच आठवड्यात थोरले काका वडवणीहून आले. मला हैदराबादच्या इंग्रजी शाळेत घालायचं की नाही, हे त्यांच्याच शब्दावर होतं. वडील म्हणाले, "दादा, पोरीनं काय पाहिलंय ते बघा तरी." मी रंग सांगितले. काका वाकले, तेवढ्यात आत्या ओरडली, "थोरल्याला खुर्द देता व्हय? बुद्रुक लावा!" मान राखायचा म्हणून वडिलांनी भिंग फिरवलं.

"कुठला निळा अन् कुठला पिवळा? साधी काच हाय," काका म्हणाले. "आत्ताच एवढ्या थापा. इंग्रजी शिकल्यावर काय करील?"

वडिलांनी पाहिलं, तर त्यांनाही रंग दिसेनात. माझी शाळा तिथंच बुडत होती.

"काका, उठू नका," मी म्हणाले आणि स्वतः डोळा लावला. रंग खरंच नव्हते. पण कवचावर टिंबांच्या रांगा होत्या, जाळीसारख्या. मी पुन्हा खुर्द लावलं.

"आता कावून फिरवतीस?" काकांनी विचारलं.

"काचेला हात लावलेला नाही. बघा."

काकांनी पाहिलं. मग स्वतः बुद्रुक लावलं, पुन्हा खुर्द.

"मंग यातलं खरं कोन्तं?"

"दोन्ही. टिंबं दिसली की रंग जातात."

का जातात, ते पुढे कॉलेजात समजलं. टिंबं म्हणजे बारीक छिद्रं. त्यांच्यातून प्रकाश फुटून रंग वेगवेगळ्या दिशांना पसरतात. लहान भिंगात त्यातला एखादाच शिरतो. मोठं भिंग सगळे रंग पुन्हा गोळा करून पांढरा प्रकाश करतं, म्हणून छिद्रं दिसतात, रंग नाहीत.

काका पागोटं सारखं करत उठले. "पाठवा हिला हैदराबादला. घरात ऱ्हायली तर रोज मलाच खोटं पाडील."