स्वयंपाकघराच्या भिंतीलगतचा वाफा

लेनर्ड पॉबजॉय गुडघ्यांवर टेकून ओट्याखाली झाडत होता. सुपलीत करड्या पाठीचे, मसुरीएवढे, पुष्कळ पायांचे किडे जमले होते. ओल असेल तिथं हे येतात. कुंडीखाली, सडक्या लाकडात आणि आता लेनर्डच्या घरात. इंग्लंडच्या सॉमरसेट भागात त्यांना डुकरं म्हणतात. बिचारी चावत नाहीत की रोग आणत नाहीत, नुसती येतात. पण रविवारी हिलरी जेवायला यायची होती, आणि तिच्या नजरेला एकही पडून चालणार नव्हतं.

हिलरी त्याची एकुलती एक मुलगी, ब्रिस्टलला राहणारी. ईस्टरला आली तेव्हा पावाच्या डब्यात तिला डुकरं सापडली. तिनं डबा धुतला आणि ती म्हणाली, "डॅड, भिंतीला हात लावून बघ, ओला होतोय. तुझी छाती रात्रभर वाजत होती. पुढच्या खेपेला हे असंच असेल ना, तर घर विकायचं. मी एक जागा बघून ठेवलीय. तुझ्यासारखीच माणसं आहेत तिथं."

"माझ्यासारखी म्हणजे म्हातारी."

"म्हणजे एकटी."

तेव्हापासून लेनर्डच्या जिवाला स्वस्थता नव्हती. जन्मभर टपाल वाटलेला माणूस, पायाला भिंगरी तर होतीच, आता डोक्यालाही लागली. पावडरी फवारल्या. बटाटे पोखरून सापळे लावले. भरलेली सुपली बागेच्या पार टोकाला, खताच्या ढिगावर नेऊन रिकामी करायची, परत यायचं, तर फरशीवर नवी हजर. एकदा त्यानं काडीनं एकाच्या पाठीवर पांढरा रंग लावून पाहिला, तेच परत येतं का बघायला. मग ते शोधण्यात सगळी दुपार गेली, चहा गार झाला, आणि आपण खुळे झालो की काय या विचारानं तो आणखीच सैरभैर झाला.

शनिवारी शेजारचा वॉल्टर कुंपणावर कोपर टेकून त्याच्या येरझारा पाहत उभा होता. वॉल्टरनं आयुष्यभर गवंडीकाम केलेलं.

"डुकरांच्या मागे काय लागलायस, लेन? भिंतीकडे बघ. विटांत पाटीच्या दगडाची रेघ असते, ती कुठाय?"

"वाफ्याखाली असेल."

"असेल कसली, तूच गाडलीयस. ओल वर चढू नये म्हणून घालतात ती. तू दर वसंतात तिच्यावर खत ओततोस. डुकरांना जिना बांधून दिलास की. काढ ती माती."

"त्या मातीत एनिड आहे," लेनर्ड म्हणाला.

वॉल्टरनं टोपी काढली. "विसरलोच बघ." मग चाचरत म्हणाला, "पण भिंतीला ते कुठं कळतंय?"

एनिड म्हणजे लेनर्डची चार वर्षांपूर्वी गेलेली बायको. तिची राख त्यानं स्वयंपाकघराच्या खिडकीखालच्या तिच्या पिवळ्या गुलाबाच्या मुळाशी घातली होती. लोक थडग्यावर फुलं नेतात, तसा हा दर वसंतात एक ढकलगाडीभर चांगलं खत तिच्यावर पसरायचा. वाफा उंच होत गेला, गुलाब माजला, आणि भिंतीचं काय होतंय ते त्यानं कधी पाहिलंच नाही. इतकी माया करून आपण घरच कुजवलं, हे कळल्यावर त्याला रडू आलं आणि रागही आला. राग थोडा एनिडचाही आला.

रविवारी मांस ओव्हनमध्ये सरकवलं आणि त्यानं फावडं उचललं. आधी गुलाब काढला, मग माती. राख मिसळली असेल असं त्याला वाटलं होतं, पण चिकणमातीत तिचा राखाडी गोळा तसाच धरून राहिला होता. तो त्यानं हातांनी सोडवला. आभाळ भरून आलेलं, म्हणून भांडी धुवायच्या टबात घालून आत आणला, टेबलावर ठेवला. मग पुन्हा बाहेर धावला. शेवटी पाटीची काळी रेघ उघडी पडली तेव्हा त्याला कोण आनंद झाला.

हिलरी लवकर आली. टबाकडे पाहून थबकली.

"तुझी आई आहे," लेनर्ड मातीचे हात पुसत म्हणाला. "डुकरं हिच्या वाफ्यातून आत येत होती. आता सापडलं. भिंत उन्हाळाभरात वाळेल. हिला पलीकडे घेवड्याच्या ओळीशी ठेवतो, की मग घर खडखडीत कोरडं. विकायचं कारणच नाही."

हिलरी खुर्चीत बसली.

"डॅड, डुकरांचं मी उगाच निमित्त केलं रे, खरी काळजी तुझ्या एकटेपणाची. चार वर्षं मी तुला हलवलं नाही ते आई इथं मातीत आहे म्हणून. तुला तिच्यापासून कसं तोडू?" तिनं डोळे पुसले. "आता तर तूच तिला काढलंस. तिथं प्रत्येक खोलीला खिडकी आहे, मोठी कुंडी मावते. गुलाबही येईल, तीही येईल."

घरासाठी भांडायला लेनर्डजवळ आजवर एकच कारण होतं, आणि ते टबात टेबलावर होतं. ओव्हनमधून मांस करपल्याचा वास येत होता. कोणीच उठलं नाही.

"त्या खिडकीत," त्यानं विचारलं, "सकाळचं ऊन येतं का?"