बारावं फूल

नऊ वर्षं दर गुरुवारी माझे सासरे मुरलीधर म्हात्रे इंग्लंडमधल्या लेमिंग्टनच्या ॲश्टन हाऊसमध्ये एका खुर्चीवर बसायचे. काम एवढंच, की घर बघायला आलेल्या कुणी भिंतींना हात लावू नये. पगार नाही, चहा आणि एक बिस्किट. नऊ वर्षांत एकदाही दांडी नाही.

घर पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं. त्या काळी श्रीमंत आजारी माणसं इथलं खारट पाणी प्यायला यायची. किती बरी झाली ते कुणी सांगत नाही, पण घरं मात्र झकास बांधून गेली. पांढरीशुभ्र गोलाकार दर्शनी भिंत, लोखंडी वेलबुट्टीचे सज्जे, खांबांच्या माथ्यावर पानांचे झुबके. दिवाणखान्याच्या छतावर प्लास्टरची बारा फुलं, इटालियन कारागिरांची, असं पाटीवर लिहिलंय.

अकरा असतील इटालियन. खिडकीजवळचं बारावं बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं होतं.

१९७१ साली या महालात खोल्या पाडून भाड्याने दिल्या होत्या. बाबा कव्हेंट्रीच्या मोटार कारखान्यात कामाला, सासूबाई लग्न होऊन नुकत्याच आलेल्या. दिवाणखान्याचा खिडकीकडचा तुकडा त्यांच्या वाट्याला आला. एका रविवारी छतावरचं एक फूल सासूबाई परतत असलेल्या कांद्यात पडलं. घरमालक खोली खाली करायला लावणार हे नक्की. बाबा मूळचे पेणचे, मामाच्या कारखान्यात गणपती करत वाढलेले. त्यांनी प्लास्टर आणलं. मूर्तीला बळकटी यावी म्हणून प्लास्टरमध्ये काथ्या घालतात, पण लेमिंग्टनमध्ये काथ्या कुठून आणणार? सासूबाईंनी वेणीचा शेंडा कापून दिला. बाबांच्या बोटांना जे येत होतं तेच झालं, पाच पाकळ्यांचं जास्वंद. घरमालकाला शेवटपर्यंत कळलं नाही.

सासूबाई गेल्या आणि वर्षभरात बाबा त्या खुर्चीवर जाऊन बसले. का, ते आम्ही विचारलं नाही.

यंदा छत दुरुस्तीला निघालं. नियम साधा. मूळचं असेल ते राहणार, नंतर जोडलेलं उतरवणार. त्या गुरुवारी बाबांना सोडायला गेले ती मीही थांबले, कारण आमच्या फुलाचं काय ते त्याच दिवशी ठरणार होतं. सारा नावाची तज्ज्ञ मुलगी परांचीवर चढून एकेक फूल तपासत होती. आमच्या फुलाशी बराच वेळ रेंगाळली.

"हे सगळ्यांत सुंदर आहे," ती वरून म्हणाली. "बाकीची साच्यातली, हे हाताने घडवलेलं. ओरिजिनल. हे राहणार."

माझा जीव भांड्यात पडला. बाबा खुर्चीत नीट टेकले. आता फक्त गप्प बसायचं होतं.

"आत केसही आहेत," सारा म्हणाली. "घोड्याचे. तेव्हा घालायचेच."

बाबा उठले. ड्यूटीवर असताना मी त्यांना कधी उठलेलं पाहिलं नव्हतं.

"एक्स्क्यूज मी. ते घोड्याचे नाहीत. माझ्या मिसेसचे आहेत."

"अहो बाबा, बसा ना," मी कुजबुजले.

"इटालियन म्हणू दे, काहीही म्हणू दे," ते मला मराठीत म्हणाले. "सिंधूला घोडा म्हणायचं नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं, कांद्यासकट. सारा खाली उतरली, त्यांचा हात धरून रडली आणि डोळे पुसून तिने फूल उतरवायच्या यादीत लिहिलं. इथली माणसं नियमापायी रडतात, पण नियम मोडत नाहीत. मला तिचा भयंकर राग आला. बाबांचा त्याहून जास्त.

तीन आठवड्यांनी फूल बबल रॅपमध्ये गुंडाळून घरी आलं. छतावर आता बाराही फुलं सारखी आहेत. बारावं मार्चमध्ये केलेलं, पण साचा इटालियन.

पुढच्या गुरुवारी मी गाडीची किल्ली घेऊन उभी, तर बाबा पायजम्यातच. खिडकीतल्या सासूबाईंच्या खुर्चीवर उशी मांडून त्यांनी फूल ठेवलं होतं. कडेला अर्धा इंच काळा केस बाहेर आला होता.

"आज जायचं नाही?"

"चोपन्न वर्षं छताला टांगून ठेवली होती तिला," बाबा म्हणाले. "बसू दे जरा."