आडनावातलं एक अक्षर

राहात्याजवळच्या माळावर आमच्या मालकांनी ‘स्कायडायव्हिंग’ असा बोर्ड लावला होता. प्रत्यक्षात तिथे जीपला दोर बांधून पॅराशूटने माणूस वर ओढायचे. त्याला पॅरासेलिंग म्हणतात, हे मला माहीत होतं. शिर्डीहून आलेल्यांच्या सह्या मी इंग्रजी फॉर्मवर घ्यायचे. पडलात तर जबाबदारी तुमची, असं त्यात होतं. बहुतेकांना ते वाचता येत नसे. मी वाचून दाखवत नसे.

सुरक्षा म्हणावी तर तिथे एक माणूस होता. मूळचा पश्चिम बंगालमधल्या मालद्याचा, बायको तिसगावची, म्हणून मराठीही तिसगावची. प्रत्येकाच्या मांडीवरच्या पट्ट्यात दोन बोटं घालून बघायचा, मग पुन्हा बघायचा. वारा फिरला की पुढच्याला वर न सोडता दोर टाकून खाली बसायचा.

“अरे, गिऱ्हाईक चाललं परत,” मालक म्हणायचे.

“जाऊ द्या की. सवताच्या पायानं चाललंय न्हवं?”

बांगलादेशी शोधायची मोहीम निघाली, तेव्हा दोन पोलीस आले. त्याने कागद आधीच प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवले होते. हवालदारांनी ते चाळले, परत द्यायला हात पुढे केला आणि सहज माझ्याकडे वळले. “मॅडम, तुमचं इंग्लिश चांगलंय. जरा नजर टाका.”

मला सहसा कोणी काही विचारत नाही. बरं वाटलं. आधार कार्डावर आडनावात इंग्रजी ‘ई’ होता, शाळेच्या दाखल्यावर त्याच जागी ‘ए’. आमच्या शाळेत एक अक्षर चुकलं तरी शून्य मिळायचं.

“स्पेलिंग वेगळं आहे,” मी म्हणाले.

बोर्डावरचा खोटा शब्द मी दोन वर्षं रोज बघत होते. त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

“काय रे, दोन दोन नावं?”

“एकच हाय सायेब. मराठीत ल्ह्या, एकच हुतंय.”

“मराठी कुठं शिकलास? ढाक्याला?”

“न्हाई, सासुरवाडीत.”

सगळे हसले, मालकही. मग त्याला गाडीत बसवलं. दुपारी पट्टे आमच्या जीपच्या ड्रायव्हरने बांधले, एकदाच ओढून. मी सह्या घेत राहिले.

चोरून आलेल्यांना देशाने शोधू नये, असं माझं म्हणणं नाही. पण तपासणाऱ्याची चूक झाली तर पडणारा दुसराच असतो. माळावर हे मला रोज दिसत होतं, कागद हातात आल्यावर दिसलं नाही.

आठ दिवसांनी त्याची बायको आली.

“ताई, त्यास्नी पुन्याला नेलंय म्हनत्यात. तितनं कुटं, कुनी सांगंना. दोनी नावं एकाच मानसाची हायती, असा इंग्लिशमदी अर्ज ल्ह्या.”

मी लिहिला. ती टेबलाशी उभी राहून बघत होती.

“आजवर कुनाला दिसलं न्हाई ते अक्षर. त्या दिवशी कुनी काडलं वं?”

“हवालदारांनी,” मी म्हणाले.

मग तिने हवालदारांच्या हाताला, डोळ्यांना, लेकराबाळांना शिव्याशाप दिले, सावकाश, एकेक करून. मी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. पाणी पिऊन तिने अर्जाची घडी घातली आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.